अक्का म्हणाली, वाढव

डबा आला त्या दिवशी अक्का माझ्याशी बोलत नव्हती. कशावरून बिनसलं होतं ते आता आठवत नाही. आम्हा दोघी बहिणींना अबोला धरायला मोठं कारण लागत नाही. सांबारात चिंच जास्त पडली एवढंही पुरतं. ती पाठ फिरवून बसली होती आणि मी दारात कुरिअरवाल्याच्या मोबाइलवर बोटानं सही करत होते. आत येऊन मी पुठ्ठ्याचं खोकं जमिनीवर ठेवलं आणि भिंतीला सांगावं तसं मोठ्यानं सांगितलं, की कॅनडाहून लेकीनं पाठवलंय, ज्यांना बघायचं असेल त्यांनी बघावं. अक्का वळली.

खोक्यातून करड्या रंगाचा एक डबा निघाला, ऑफिसला नेतात त्या जेवणाच्या डब्याएवढा. पुढच्या अंगाला दोन भोकं, दोन मोठ्या खुंट्या आणि मुंगीच्या पायांएवढी अक्षरं. बरोबर एक माइक, रुपयाएवढी एक चकती, तिला शेपटासारखी वायर, आणि केबलींची वेटोळी. हा डबा लॅपटॉपला जोडायचा, वाद्य एका भोकात, माइक दुसऱ्यात, की घरबसल्या रेकॉर्डिंग होतं, असं भाचीनं, म्हणजे अक्काच्या या लेकीनं, मला फोनवर समजावून ठेवलं होतं. अक्कानं सगळं न्याहाळलं आणि अबोला मोडून म्हणाली, "ही पेटी कां?"

पुण्यात पेटी म्हणजे हार्मोनियम. आमच्याकडे पेटी म्हणजे कुठलंही खोकं. माझं निम्मंअधिक आयुष्य अशा दोन अर्थांच्या फटीत गेलं आणि या डब्याच्या बाबतीतही तेच झालं, म्हणून आधी थोडं घरचं सांगते.

आमचं घर तंजावूरला, राजवाड्यामागच्या गल्लीत. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, हे इतकं अंगवळणी पडलेलं की उंबरा ओलांडताना जीभ आपोआप बदलते. ही मराठी देवनागरीत वाचणारी घरात मी एकटीच, आणि तेही पुण्याला बँकेत नोकरी लागली म्हणून. माझी मराठी अस्सल आहे अशा ऐटीत मी पुण्यात उतरले. वसतिगृहात पहिल्याच रात्री खोलीतल्या मुलीला म्हटलं, रेडिओ वाढव, मला झोप येतेय. तिनं आवाज मोठा केला. मी पुन्हा म्हटलं, वाढव गे. तिनं आणखी मोठा केला आणि विचारलं, की तुमच्याकडे सगळेच असे झोपतात का.

तिचीही चूक नव्हती. नारळ फोडला म्हणू नये, वाढवला म्हणावं. बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं, हे पुण्यातही सगळ्यांना ठाऊक होतं. पण आमच्या आईनं तो शब्द फार लांबवर नेला होता. जळतंय, उजळतंय अशा कशालाही विझव किंवा बंद कर म्हणायची तिच्या घरात सोय नव्हती. दिवा वाढवायचा, चूल वाढवायची. मग घरात रेडिओ आला. त्याच्या काचेमागे पिवळा उजेड असायचा, म्हणून आईच्या हिशेबी तोही दिवाच ठरला. तेव्हापासून आमच्याकडे रेडिओ वाढव म्हणजे रेडिओ बंद कर. मी हे पुण्यात महिन्याभरात विसरले. हसं करून घ्यायची मला भारी चीड. पुढची सगळी नोकरी मी पुण्याच्या मराठीत केली, संसाराच्या भानगडीत पडले नाही, आणि निवृत्त झाल्यावर सामानसुमान घेऊन अक्काकडे परत आले.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आयुष्यभर तिनं तिरुवैयारुला वीणा शिकवली. रोज बसनं जायची, खिडकीशी बसून कालव्याकडे बघत मांडीवर बोटं चालवत. गातही असे, आणि सुंदर गात असे, हे मी बहीण म्हणून सांगत नाही. बहीण म्हणून मी तिला सहसा चांगलं म्हणत नाही. मग गळ्याची शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, पण आवाज चिरला. बोलताना फारसं कळायचं नाही. गायला गेली की वरच्या सुरावर नुसती हवा निघायची. त्या दिवसापासून तिनं गाणं सोडलं. विद्यार्थिनी चुकल्या तर तारेवर दाखवायची. देवासमोर बसली तरी नुसते ओठ हलायचे. तिचे यजमान गेले, मुलगी शिकून परदेशी गेली, आणि घरात वीणा तेवढी बोलती राहिली.

त्या मुलीचे, म्हणजे माझ्या भाचीचे, दिवस भरत आले होते. तिची मराठी ऐकण्यापुरती. आम्ही मराठीत विचारायचं, तिनं तमिळमध्ये उत्तर द्यायचं, मध्ये इंग्रजी, असं तिच्या लहानपणापासून चालत आलेलं. त्यात कुणाचं काही अडलं नाही. पण एका रविवारी फोनवर ती एकाएकी म्हणाली, की तिला बारशाला आजीचा, म्हणजे आमच्या आईचा, पाळणा हवाय. नवऱ्याकडचे सगळे तमिळ, प्रेमळ माणसं, पण तो पाळणा त्यांच्याकडे नाही. चाल तिच्या कानात होती, शब्द एकही नव्हता.

शब्द आता जगात एकाच माणसाला ठाऊक होते, आणि ते माणूस गात नव्हतं.

मला विचाराल तर मला दोनच कडवी येत होती. पाळणा माझ्यासाठीच म्हटला जायचा ना. पहिल्या कडव्यात पाळण्याची कडी, दुसऱ्यात चंद्र, आणि मग मी झोपलेली असायची. पुढं काय होतं ते आईला ठाऊक आणि दोरी ओढणाऱ्या अक्काला. आईनं कधी ते लिहिलं नाही, तिला लिहितच येत नव्हतं. मी अक्काला म्हटलं, मला सांग, मी लिहून घेते. ती म्हणाली, की असे शब्द सुटे सांगता येत नाहीत, चालीशिवाय ते येतच नाहीत. मग चालीवर म्हण म्हटलं, तर म्हणाली, "मी वाजवतें. गायचें वेंडाम." ठाम नको म्हणायचं असलं की तिला तमिळ लागतं, मराठीतलं नको तिला पुरेसं वाटत नाही.

म्हणून मी भाचीला म्हटलं, तू ते रेकॉर्डिंगचं यंत्र पाठव, पुढचं मी बघते. अक्का वीणा वाजवायला तयार होती. मला माइक हवा होता.

अक्काला मी सांगितलं, की चकती वीणेच्या लाकडाचा आवाज घेते आणि माइक खोलीतल्या हवेचा. दोन्ही मिळाल्याशिवाय वीणा वीणेसारखी येत नाही. हे खरंच आहे, पुस्तिकेत तसंच लिहिलंय. फक्त पुस्तिकेत हे नव्हतं, की माइक तोंडाच्या इतका जवळ असावा. ती मान हलवून बरं म्हणाली, पण डोळ्यांत संशय होता.

चकती वीणेच्या घोडीजवळ, फणसाच्या लाकडाच्या मोठ्या भोपळ्यावर चिकटवायची होती. तिनं आधी मला हातच लावू दिला नाही. शेवटी स्वतः मेणाचा गोळा मळून, वीणेच्या पडद्यांना वापरतात तेच मेण, तिनं चकती बसवली. मी केबल पहिल्या भोकात खुपसली, कानांना हेडफोन लावले आणि म्हटलं, वाजव. वीणा डासासारखी ऐकू आली. तासभर पुस्तिका चाळली. वाद्य जोडलं की डब्यावरचं एक बटन दाबायचं असतं, आणि त्या बटनावर गिटारचं चित्र होतं. ते दाबताच वीणा भरून आली, खर्ज पोटात उतरला. मी खूश. अक्कानं चष्मा लावून ते चित्र पाहिलं आणि म्हणाली, की वीणेला गिटार म्हणवून घ्यावं लागत असेल तर काय उपयोग. दोन दिवस ती त्याबद्दल धुसफुसत होती.

मग माइक. त्याला चालायला डब्यातूनच वीज द्यावी लागते, आणि त्या विजेला इंग्रजीत फँटम, म्हणजे भुताचं नाव आहे. ते मी दिलेलं नाही. मी सहज बोलून गेले, की आता भूत सोडते. त्या दिवशी शुक्रवार होता, देवीपुढं दिवा लागलेला. अक्कानं बटनावर हात आडवा धरला. शुक्रवारी घरात भूत नको म्हणाली. शनिवारी चालेल म्हणाली. माझं डोकं सणकलं, पण उपयोग नव्हता. एक अख्खा दिवस माइक टॉवेलमध्ये गुंडाळून कपाटात पडला.

शनिवारी माइक जिवंत झाला आणि आणखी एक पाहुणा आला. हेडफोनमध्ये सारखं घूं ऐकू यायला लागलं. केबली बदलल्या, पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, शेजारच्या बाईला मिक्सर थांबवायला सांगून आले. घूं जिथल्या तिथं. अक्कानं हेडफोन मागून घेतले, डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला, की तुझी पेटी श्रुतीत नाही, पंचमाच्या जरा खाली बोलतेय. वर असंही म्हणाली, की काढता येत नसेल तर राहू दे, मी वीणाच तिच्याशी मिळवून घेतें. शेवटी वैतागून मी लॅपटॉपचा चार्जर ओढून काढला आणि घूं गेलं. इतकं शांत झालं की गल्लीतले पोपट ऐकू आले.

माइकला उभं करायला स्टँड नव्हता. वीणा जमिनीवर बसून वाजवायची, म्हणजे माइक वरून यायला हवा. हॉलच्या छताला एक लोखंडी कडी आहे. आमचा पाळणा तिलाच टांगलेला असायचा. मी स्टुलावर चढून केबल तिच्यातून ओवली आणि माइक अक्काच्या डोक्यावर हातभर उंचीला आणला. ती खालून बघत होती. म्हणाली, की दोरी नीट बांध, मागे एकदा सुटली होती, तू पडली होतीस. मी म्हटलं मला आठवत नाही. म्हणाली, "तुला कसें आठवेल गे, तू निजली होतीस."

कडीकडे बघताना मला बाबांचा टेपरेकॉर्डर आठवला. कुणीतरी सिंगापूरहून आणून दिलेला, चामड्याच्या पिशवीतला. बाबा आम्हा सगळ्यांना याच कडीखाली गोलात बसवायचे आणि एकेकाला बोलायला लावायचे. अक्का गायची, मी पाढे म्हणायची, बाबा स्वतः खाकरून तंजावूरच्या हवेबद्दल बोलायचे. आईची पाळी आली की ती काहीतरी करपतंय म्हणून स्वयंपाकघरात निघून जायची. कधी काही करपत नसे. बाबा हाक मारत राहायचे, पाळणा म्हण म्हणून विनवायचे. त्या कॅसेटवर आईचा आवाज एकदाच आला होता, लांबून, भांड्यांच्या आवाजात: पुरे झालें, वाढवा आतां तें. कॅसेट पुढं ओल लागून गेली. मला आईच्या आवाजाची फार आठवण येते, आणि आठवायला गेलं की तेवढंच वाक्य मिळतं.

मधल्या काळात भाचीला मुलगी झाली. बारशाचा दिवस ठरला. फोनवर बाळ रडताना ऐकू यायचं आणि भाचीचा आवाज झोपेनं जड झालेला असायचा. अक्का घाईला आली. म्हणाली, आज घेऊंया.

दुपारची वेळ निवडली, गल्ली जेवून आडवी झालेली. पंखा बंद, खिडक्या बंद. घामानं आम्ही दोघी भिजलो. अक्कानं पदर खोचला, वीणा मांडीला टेकवली. मी हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसले आणि खूण केली. डब्याच्या दोन्ही खुंट्यांभोवती हिरवा उजेड उमटला.

तिनं पाळणा वाजवला. काय सांगू. चार वेळा ती चाल फिरून आली आणि प्रत्येक फेरीला तिचं बोट तारेवर जरा जास्त रेंगाळलं. शब्द नव्हते, पण शब्दांच्या जागा होत्या. मला पहिली दोन कडवी तारेत ऐकू आली, अगदी स्पष्ट, आणि नंतरच्या दोन फेऱ्या परक्या. मला रडू आलं आणि रागही आला. एवढं सगळं जुळून येतं आणि शब्द तेवढे तिच्या घशाशी अडकून बसतात. बाळाला काय, तारा ऐकवायच्या?

शेवटचा सूर विरला. अक्कानं तारांवर तळवा ठेवला आणि म्हणाली, "पुरे. आतां वाढव."

मी माइकची खुंटी उजवीकडे फिरवली. चांगला अर्धा फेरा.

खरं सांगते, मनात एकच आलं: ती गाणार आहे. आवाज बारीक येईल म्हणून ती मला तो मोठा घ्यायला सांगतेय. अक्कानं वीणा बाजूला आडवी ठेवली, पाय पसरले, पदरानं मान पुसली. हेडफोनमध्ये तो पदर मला झाडाच्या फांदीसारखा सळसळताना ऐकू आला. मग ती आपल्याशीच हसली. म्हणाली, "तिसऱ्या कडव्यापर्यंत तू कधी टिकलीच नाहींस. आई म्हणायची, हिला दोन पुरतात, उरलेलीं तुझ्यासाठीं."

आणि छताच्या कडीकडे बघत तिनं पाळणा म्हणायला सुरुवात केली, कडीपासून, चंद्रापासून. आवाज फाटका होता. वरच्या सुराला पोचायच्या आधी तो दोनदा तुटायचा आणि ती तुटलेलं टोक उचलून पुढं जायची. तिसऱ्या कडव्यात मामा कुंभकोणमहून वाळे घेऊन आला. मी तो इतक्या वर्षांनी पहिल्यांदा पाहिला. मग चौथं कडवं आलं. ते बाळाचं नव्हतंच.

दोरी धरिली जिनें, तिला
कोण गे निजवी बाई

एवढंच, दोनदा. तेवढ्यासाठी आई हिच्याकडे वळायची. नऊ वर्षांची अक्का, हातात दोरी, डोळे पेंगुळलेले, आणि आई तिच्यासाठी हे म्हणायची, आणि मी मात्र गाढ झोपलेली. उरलेलीं तुझ्यासाठीं म्हणजे काय ते तेव्हा मला कळलं. मी हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरले.

गाणं संपल्यावर अक्काची नजर डब्याकडे गेली. हिरवा उजेड तसाच होता. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "हें अजून जळतें कां? मी तुला वाढव म्हटलें ना?"

मी म्हटलं, म्हणून तर वाढवलं. माझ्या तोंडून वाक्य बाहेर पडलं आणि मला आईचा तो पिवळ्या काचेचा रेडिओ आठवला. मी हसले, तीच चूक झाली. ती उठली, मागच्या अंगणात गेली आणि संध्याकाळपर्यंत आत आली नाही. मी मागं गेले तर म्हणाली, की पुण्याला जाऊन तू घरची भाषा विकून आलीस. मला ते लागलं. मीही म्हटलं, की शब्द छातीशी धरून बसण्यापेक्षा विकलेले बरे, निदान कुणाच्या तरी उपयोगी पडतात. हे बोलायला नको होतं, पण मी अशीच आहे.

रात्रीच्या जेवणाला आम्ही पुन्हा अबोल्यावर आलो. पुसून टाक म्हणाली असती तर मी पुसलं असतं. तिचा आवाज होता, माझा नव्हे. ती काहीच म्हणाली नाही. सकाळी कॉफीचा पेला लॅपटॉपशेजारी आदळून तिनं हेडफोन मागितले. मी लावून दिले. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत बसली, वाजवणाऱ्या माणसांची सवय, बोटानं ताल धरून. चौथ्या कडव्याला बोट थांबलं. हेडफोन काढून म्हणाली, की दुसऱ्या कडव्यात सूर उतरलाय. मी म्हटलं, पुन्हा घेऊया? म्हणाली, "नको. पाठव. आहे तें आहे."

मी काहीही न कापता अख्खं पाठवलं. कापायचं कसं ते मला येतही नव्हतं.

बारसं तिकडच्या सकाळी, आमच्या दिवेलागणीला. मी लॅपटॉप हॉलमध्ये ठेवला आणि चांगलं ऐकू जावं म्हणून डबा आणि माइक जोडूनच ठेवले. अक्का रेशमी लुगडं नेसली होती. पडद्यावर माणसांची गर्दी, मध्ये भाड्यानं आणलेला लाकडी पाळणा, आणि पाळण्याची दोरी हातात घेऊन भाची. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तमिळमध्ये म्हणाली, की बाळ रात्रभर झोपलं नाही, तीही नाही, रेकॉर्डिंग आधी ऐकायलाही वेळ झाला नाही, आता सगळ्यांबरोबरच ऐकते. अक्काचे दोन्ही हात मांडीवर होते आणि मुठी मिटलेल्या. आता थोड्या वेळात परक्या माणसांनी भरलेल्या त्या खोलीत तिचा फाटका आवाज लागणार होता. तिनं तो लागू द्यायचं कबूल केलं होतं, पण ते सोसायचं अजून बाकी होतं.

वीणा सुरू झाली. तिकडची माणसं गप्प झाली. बाळ मात्र रडतच होतं. चार फेऱ्या झाल्या, सूर विरला, आणि स्पीकरमधून अक्का म्हणाली, पुरे, आतां वाढव.

भाचीनं हात पुढं केला आणि ते बंद केलं.

क्षणाचाही विचार न करता. आईनं वाढव म्हटलं की काय करायचं ते तिला ठाऊक होतं. याच घरात वाढलेली पोर. ज्या मुलीला आम्ही मराठी येत नाही म्हणत होतो तिला ती माझ्यापेक्षा बरी येत होती. तिकडे टाळ्या वाजल्या, कुणीतरी छान छान म्हणालं. पाळणा झाला असं सगळ्यांना वाटलं. शब्द तिथंच, दोन इंच पुढं, बंद होऊन पडले.

मी तोंड उघडलं. अजून आहे, पुन्हा लाव, असं सांगायला. अक्कानं माझ्या मनगटावर हात ठेवला. मला वाटलं, सुटली, आता राहू दे म्हणणार. तिनं घसा खाकरला. वर टांगलेल्या माइककडे एकदा बघितलं, आणि गायला लागली.

कडी. चंद्र. आवाज तसाच चिरलेला, रेकॉर्डिंगपेक्षाही वाईट, कारण या वेळी ऐकणारे समोर होते. तिकडच्या एका बाईनं चमकून पडद्याकडे पाहिलं. अक्का थांबली नाही. मामा वाळे घेऊन आला तोवर बाळाचं रडणं मुसमुसण्यावर आलं होतं, आणि वाळे पायात घालायच्या आत ते झोपलं. आमच्याच घराण्यातलं. भाचीच्या हातातली दोरी थांबली. तिला वाटलं संपलं.

अक्कानं चौथं कडवं लेकीकडे बघत म्हटलं. दोरी धरिली जिनें, तिला कोण गे निजवी बाई. भाचीला शब्द कळले. कळल्याचं तिच्या तोंडावर दिसलं; ती दोरी धरून उभी होती तिथंच खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली, आणि तिची सासू दोरी तिच्या हातातून घेऊन पाळणा हलवायला लागली.

बऱ्याच वेळानं पाहुणे जेवायला उठले. भाची पडद्याच्या अगदी जवळ आली. डोळे सुजलेले होते. हळू आवाजात, शब्द चाचपत, म्हणाली, "आई, वाढवूं कां?"

तिच्या तोंडची मराठी मी पहिल्यांदा ऐकत होते. अक्का म्हणाली, "वाढव. आणि जाऊन नीज."

पडदा काळा झाला. मी उगाच केबली सारख्या करत बसले. मनात होतं, की आज भांडायचं नाही, दुसऱ्या कडव्यातला सूर बरोबर लागला होता हे तिला सांगायचं. सांगायला वळले तर अक्का भिंतीला टेकून, मान कलंडून, झोपून गेली होती. डब्याचा हिरवा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता. मी आवाज न करता तो वाढवला.